आधी अंतर ठरवा, मग काडतूस

प्रश्न : आम्ही नवरा-बायको मूळचे सांगली जिल्ह्यातले, सध्या इंग्लंडमध्ये हेरफर्डशायरला राहतो. नोकरी सांभाळून बारा एकरांवर थोड्या मेंढ्या आणि पन्नासेक कोंबड्या पाळल्या आहेत. फेब्रुवारीत एका रात्री खुराड्याचं दार लावायचं राहिलं आणि कोल्ह्यानं एकोणीस कोंबड्या मारल्या. नेली फक्त एक. आता मेंढ्या व्यायला लागल्यात आणि परवा सकाळी एक कोकरू अर्धवट खाल्लेलं सापडलं. माझ्याकडे शॉटगनचं सर्टिफिकेट आहे. बंदूक बारा बोअरची, वर-खाली दोन नळ्यांची, चोक (नळीच्या तोंडाशी असलेला आवळपणा) पाव आणि अर्धा. आजवर मी फक्त मातीच्या तबकड्या फोडल्या आहेत. शेजाऱ्यानं फेझंट पक्ष्याच्या शिकारीतून उरलेली सहा नंबरची काडतुसं देऊ केलीत. दुकानदार ट्रिपल ए घ्या म्हणतो. एक ओळखीचे म्हणतात, एसजी वापर, एका बारात काम होतं. बायकोचं म्हणणं, मारायचाच असेल तर तो तडफडता कामा नये, नाहीतर बंदूक काढूच नकोस. मला तिचं पटतं. नेमकं कुठलं काडतूस घेऊ? आणि गावाकडे भावाच्या मक्यात कोल्हे येतात, त्यालाही हेच सांगू का?
— एक वाचक, हेरफर्डशायर

उत्तर :

तुमच्या पत्नीनं घातलेली अट हीच या प्रश्नातली खरी कसोटी आहे, म्हणून तीच धरून लिहितो. सहा नंबर, बीबी, ट्रिपल ए आणि एसजी ही छर्ऱ्यांच्या मापांची नावं, बारीकपासून जाडपर्यंत. आधी थेट उत्तर. शिशाचे बीबी छर्रे, ३६ ग्रॅमचं काडतूस, फायबर वॅडचं (वॅड म्हणजे काडतुसात दारू आणि छर्रे यांच्यामधला बूच). पंचवीस यार्डांच्या आतच बार काढायचा आणि तीसच्या पुढे काहीही झालं तरी नाही. सहा नंबरची काडतुसं शेजाऱ्याला आभार मानून परत करा. एसजीचा विचार सोडून द्या. ट्रिपल ए वाईट नाही, पण तुमच्या बंदुकीत ते कसं पसरतं हे कागदावर पाहिल्याशिवाय घेऊ नका. आणि हे सगळं खरं असलं तरी, या महिन्यात बंदूक कपाटातच राहिलेली बरी, असं माझं मत आहे. ते का, तेही पुढे सांगतो.

शॉटगनमधून एक गोळी जात नाही, छर्ऱ्यांचा थवा जातो. कोल्हा जागच्या जागी मरायचा असेल तर दोन गोष्टी एकाच वेळी घडाव्या लागतात. पुरेसे छर्रे डोकं, मान आणि छातीचा पुढचा भाग एवढ्या जागेत लागले पाहिजेत, आणि त्यातला प्रत्येक छर्रा केस, कातडी, स्नायू भेदून आत मेंदू, मणका, हृदय किंवा फुप्फुसापर्यंत पोचला पाहिजे. छर्रा बारीक घेतला तर संख्या वाढते आणि खोली जाते. जाड घेतला तर खोली मिळते आणि संख्या जाते. तुम्हाला मिळालेले तिन्ही सल्ले या एकाच तराजूत तोलून बघू.

ब्रिटिश मापानं सहा नंबरचा छर्रा २.६ मिलिमीटरचा, एका औंसात साधारण २७०. बीबी ४.१ मिलिमीटरचा, औंसात ७०. ट्रिपल ए ५.२ मिलिमीटरचा, औंसात ३५. एसजी ८.४ मिलिमीटरचा, औंसात जेमतेम आठ. ३६ ग्रॅम म्हणजे सव्वा औंसाहून किंचित जास्त. म्हणजे एका काडतुसात सहा नंबरचे ३४० च्या आसपास छर्रे, बीबीचे ८९, ट्रिपल एचे ४४ आणि एसजीचे दहा. वजनात बघाल तर बीबीचा एक छर्रा ०.४ ग्रॅमचा, सहा नंबरच्या जवळजवळ चौपट. ट्रिपल ए त्याच्याही दुप्पट.

आता पसारा. पाव चोकच्या नळीतून तीस यार्डांवर साधारण ७७ टक्के छर्रे ३० इंची वर्तुळात पडतात, चाळीस यार्डांवर ५५ टक्केच. ही शिशाच्या छर्ऱ्यांची नेहमी धरली जाणारी सरासरी आहे. कोल्हा आडवा उभा असताना त्याचं डोकं, मान आणि छाती मिळून जी नाजूक जागा होते ती मी ढोबळपणे शाळेच्या वहीच्या एका छोट्या पानाएवढी, म्हणजे ए-फाइव्ह कागदाएवढी धरतो. हे त्या वर्तुळाच्या सात टक्क्यांपेक्षा थोडं कमीच भरतं. हिशेब केला तर तीस यार्डांवर त्या जागेत बीबीचे चार-पाच छर्रे येतात, ट्रिपल एचे दोन, एसजीचा अर्धा. चाळीस यार्डांवर बीबीचे तीन, ट्रिपल एचा दीड. वर्तुळाच्या मध्यभागी छर्रे थोडे दाट असतात, त्यामुळे नीट नेम धरणाऱ्याच्या पदरी याहून थोडे जास्त पडतील. पण तबकडीवरचा नेम आणि अंधुक उजेडात धडधडत्या छातीनं कोल्ह्यावर धरलेला नेम यात फरक असतो, म्हणून त्या जास्तीच्या छर्ऱ्यांवर मी भिस्त ठेवणार नाही.

अर्धा छर्रा कुणाला लागत नाही. एसजीच्या बाबतीत याचा अर्थ असा की अनेकदा त्या नाजूक जागेत एकही छर्रा जाणार नाही, आणि बाहेर पडलेला एखादा पोटात नाहीतर मांडीत जाईल. "एका बारात काम होतं" म्हणणाऱ्यांनी जी शिकार पाहिली ती खरीच असेल. जो कोल्हा फुटलेलं पोट घेऊन झाडीत शिरला तो त्यांना पुन्हा दिसला नाही, एवढंच. शिवाय एसजीचा छर्रा फार लांब जातो. शिशाचा छर्रा जास्तीत जास्त किती यार्ड जाईल याचा जुना ठोकताळा आहे. जूर्ने नावाच्या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याच्या नावानं तो ओळखला जातो. छर्ऱ्याचा व्यास इंचांत घ्यायचा आणि २,२०० नं गुणायचं. त्यानुसार सहा नंबरचा छर्रा सव्वादोनशे यार्डांच्या आसपास थांबतो, बीबी साडेतीनशेपर्यंत, ट्रिपल ए साडेचारशेपर्यंत आणि एसजी सातशेच्या पुढे. तुमचं रान बारा एकरांचं. त्याच्या कुठल्याही टोकाला उभे राहिलात तरी शेजाऱ्याचं कुरण, एखादी पायवाट किंवा घर या अंतरात येणारच. म्हणून जाड छर्ऱ्याचा बार नेहमी उतरता, मागे मातीचा चढ किंवा बांध असतानाच काढायचा. क्षितिजावर उभा असलेला कोल्हा पंधरा यार्डांवर असला तरी सोडून द्यायचा.

सहा नंबरचा धोका उलटा आहे आणि तो जास्त फसवा आहे. तीस यार्डांवर त्या नाजूक जागेत पंधरा-अठरा छर्रे लागतील, कागदावर तर चाळणी झालेली दिसेल. पण तो छर्रा फेझंटसाठी आहे. पाच-सहा किलोच्या, हिवाळ्याची दाट केसाळ कातडी पांघरलेल्या जनावरात तो वरवर रुततो. कोल्हा कोलांटी खातो, उठतो, पळतो. तुम्हाला वाटतं नेम चुकला. तो बिळात पडून जखमा सडून काही दिवसांनी मरतो. तुमच्या पत्नीला जे नको आहे ते नेमकं हेच. अगदी जवळून, दहा-बारा यार्डांवर सहा नंबरही कोल्ह्याला लोळवतो हे खरं. पण त्या भरवशावर ती काडतुसं खिशात ठेवलीत तर पंचवीस यार्डांवर कोल्हा दिसल्यावर हात थांबणार नाही.

राहिले बीबी आणि ट्रिपल ए. इथे जाणत्या लोकांतही दोन मतं आहेत. ट्रिपल एचा प्रत्येक छर्रा निर्विवाद जास्त खोल जातो, आणि घट्ट चोकच्या बंदुकीत त्याचा पसारा चांगला बसला तर ते उत्तम काडतूस आहे. तुमचे चोक पाव आणि अर्धा. त्यात चव्वेचाळीस छर्ऱ्यांची नक्षी विरळ होते, मध्ये मोठ्या मोकळ्या जागा राहतात. तीस यार्डांच्या आत बीबीची खोली पुरेशी असते, म्हणून तुमच्या बंदुकीसाठी संख्या जास्त देणारा बीबी मी निवडतो. तुमची बंदूक वेगळं सांगत असेल तर तिचं ऐका.

ते ऐकायची रीत सोपी आहे. भिंतीला लावायच्या अस्तराच्या कागदाची गुंडाळी आणा. जाड पुठ्ठ्यावर आडव्या उभ्या कोल्ह्याची आकृती खऱ्या मापात कापा. अंगाची लांबी शेपूट सोडून साठ-सत्तर सेंटिमीटर, खांद्याची उंची पस्तीस-चाळीस. ती कागदावर ठेवून कडेनं पेन्सिल फिरवा आणि डोकं, मान, छातीचा पुढचा भाग वेगळ्या रंगानं भरा. मागे मातीचा भरभक्कम बांध बघून कागद ताणून उभा करा. टेपनं मोजून वीस, पंचवीस, तीस आणि पस्तीस यार्डांवरून बार काढा. प्रत्येक अंतरावर निदान चार-पाच कोरे कागद वापरा, एका बारावर निष्कर्ष काढू नका. दोन्ही नळ्या वेगवेगळ्या तपासा. रंगवलेल्या जागेतले छर्रे मोजा. सरासरीकडे बघूच नका, सर्वांत वाईट कागदाकडे बघा. त्या वाईट कागदावर चारपेक्षा कमी छर्रे दिसायला लागले की ते अंतर तुमच्यासाठी संपलं. चार हा आकडा माझा आहे, कुणी नियम केलेला नाही, पण त्याखाली मी स्वतः उतरणार नाही. याच प्रयोगात ट्रिपल एचं एक पाकीटही तपासून घ्या म्हणजे दुकानदाराला पुराव्यानिशी हो किंवा नाही म्हणता येईल. छत्तीस ग्रॅमचा धक्का तबकडीच्या अठ्ठावीस ग्रॅमपेक्षा चांगलाच जाणवतो. खांद्याला त्याची सवय कागदावरच करून घ्या.

मग खुराड्याभोवती ते अंतर जमिनीवर आणा. जिथे बसणार असाल तिथून मोजून पंचवीस यार्डांवर, म्हणजे सुमारे तेवीस मीटरवर, पांढऱ्या खुंट्या ठोका. अंधुक उजेडात मोकळ्या कुरणावर चाळीस यार्ड पंचवीससारखे दिसतात, भल्याभल्यांचा अंदाज चुकतो. कोल्हा खुंटीच्या अलीकडे, आडवा किंवा समोरून, थांबलेला असेल तरच बार. पाठमोऱ्या कोल्ह्यावर कधीच नाही. मागून गेलेले छर्रे आतडी आणि मागचे पाय फोडतात, हृदयापर्यंत पोचत नाहीत. चालत असेल तर ओठांनी उंदरासारखा चिरका आवाज काढा, बहुतेक वेळा तो क्षणभर थबकून कान टवकारतो. पडला की दुसऱ्या नळीची तयारी ठेवून बघत राहा, जरा हालचाल दिसली तर लगेच दुसरा बार. जवळ जाताना पाठीकडून जा आणि लांब काठीचं टोक डोळ्याला हलकेच लावा. पापणी मिटली तर जीव अजून आहे, आणि तो तिथेच, त्याच क्षणी संपवायची जबाबदारी तुमची. जखमी होऊन पळालाच तर कुठे शिरला ती जागा डोळ्यांनी पक्की धरा आणि एखाद्या जाणत्या शेजाऱ्याला सोबत घेऊन शोधत राहा. अंधार झाला म्हणून घरी जायची मुभा नाही. एवढं करायची तयारी नसेल तर पहिला बारही काढू नये.

काडतूस विकत घेताना आणखी काही गोष्टी बघाव्या लागतात. तुमच्या नळीच्या चपट्या भागावर चेंबरची, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीची, लांबी कोरलेली असते, ६५, ७० किंवा ७६ मिलिमीटर. चेंबरपेक्षा लांब काडतूस घालायचं नाही. ते आत बसतं, म्हणून लोक फसतात, पण उडताना उलगडायला जागा राहत नाही आणि दाब धोक्याच्या पातळीवर जातो. घरात वीस बोअरची बंदूकही असेल तर तिची काडतुसं वेगळ्या कपाटात ठेवा. वीसचं काडतूस बाराच्या नळीत घसरून पुढे अडकतं, मागून बाराचं भरता येतं, आणि मग नळी हातात फुटते. वीसची काडतुसं पिवळ्या रंगात येतात ती एवढ्यासाठीच. फायबर वॅड मी आग्रहानं सांगितलं, कारण प्लॅस्टिकचं वॅड गवतात पडून राहतं आणि मेंढ्या ते चघळतात. रिकाम्या नळकांड्याही वेचून आणा.

कायद्याच्या बाजूनं बीबी आणि ट्रिपल ए दोन्ही तुमच्या शॉटगन सर्टिफिकेटवर मिळतात. १९६८ च्या फायरआर्म्स कायद्याप्रमाणे काडतुसात पाच किंवा अधिक छर्रे असतील आणि एकही ०.३६ इंचापेक्षा मोठा नसेल तर वेगळं फायरआर्म सर्टिफिकेट लागत नाही. दुकानात सर्टिफिकेट दाखवावं लागेल, ते बरोबर न्या. कोल्ह्याला इंग्लंडमध्ये बंद हंगाम नाही आणि स्वतःच्या रानात, किंवा मालकाच्या परवानगीनं दुसऱ्याच्या रानात, त्याला मारणं कायदेशीर आहे. कुत्री मागे लावून त्याची शिकार करणं २००४ च्या हंटिंग कायद्यानं बंद झालं. विष घालणं गुन्हा आहे. बिजूला (बॅजर) १९९२ च्या स्वतंत्र कायद्याचं संरक्षण आहे आणि संध्याकाळच्या उजेडात पळणारा बिजू, शेजाऱ्याचं मांजर आणि कोल्हा यांच्यात गफलत होते. रात्री बॅटरीच्या झोतात नुसते चमकणारे डोळे पाहून बार काढणारा माणूस कधीतरी मेंढीच मारतो. पूर्ण अंग ओळखू आलं नाही तर चाप दाबायचा नाही.

शिशाबद्दलही बोललं पाहिजे, कारण तुम्ही आज घेतलेली काडतुसं काही वर्षांनी चालणार नाहीत. इंग्लंडमध्ये १९९९ पासून समुद्रकिनारी, ठरावीक संरक्षित पाणथळ जागांवर आणि बदकं-हंसांसाठी कुठेही शिशाचे छर्रे चालत नाहीत. २०२५ च्या जुलैमध्ये ब्रिटिश सरकारनं शिशाच्या छर्ऱ्यांवर व्यापक निर्बंध आणायचं जाहीर केलं, त्याला तीन वर्षांचा संक्रमणकाळ धरलेला आहे. म्हणजे पेटीभर साठा करण्यात अर्थ नाही, पंचवीसचं एखादं पाकीट पुष्कळ झालं. शिसं पक्ष्यांच्या पोटात गेलं की त्यांना मारतं आणि मांसातून माणसातही उतरतं, त्यामुळे हा निर्णय मला योग्यच वाटतो. अडचण एवढीच की पोलादी छर्रा शिशापेक्षा जवळजवळ तीस टक्के हलका असतो. तेवढीच खोली हवी असेल तर मापात दोन नंबर वर जावं लागतं, आणि त्या जाडीची पोलादी काडतुसं साध्या बंदुकीत घालता येत नाहीत. नळीवर पोलादी छर्ऱ्याच्या चाचणीची खूण, लिलीच्या फुलाचं चिन्ह, असावं लागतं, आणि चार मिलिमीटरवरच्या पोलादी छर्ऱ्याला अर्ध्यापेक्षा घट्ट चोक वापरायचा नाही. दगडावर आपटलं की पोलाद शिशापेक्षा जास्त उसळतं हेही ध्यानात धरा. बिस्मथ शिशाच्या जवळ जातं आणि जुन्या बंदुकीलाही चालतं, पण ते महाग आहे. बदल केलात की कागदाचा सगळा प्रयोग पहिल्यापासून.

आता या महिन्याबद्दल. कोल्ह्यांचं मीलन जानेवारी-फेब्रुवारीत होतं, गाभणपण साधारण त्रेपन्न दिवसांचं, आणि इंग्लंडमधली बहुतेक पिल्लं मार्च-एप्रिलमध्ये बिळात जन्मतात. तुमच्या मेंढ्या व्यायचा आणि कोल्हीनं पिल्लं घालायचा काळ एकच. पहिले काही दिवस कोल्ही बीळ सोडत नाही, नर तिला अन्न आणून देतो. या काळात मादी मारलीत तर बिळात चार-पाच पिल्लं उपाशी, थंडीनं, तुमच्या नजरेआड मरतात. काडतूस कितीही अचूक निवडलेलं असलं तरी तो मृत्यू सुसह्य होत नाही. म्हणून निकड नसेल तर जुलै संपेपर्यंत थांबा. थांबणं खरोखर अशक्य झालं आणि मारलेली मादी निघाली, तर तिचे सड बघा. दूध असेल तर बीळ शोधणं आणि जाणत्या माणसाकडून पिल्लांना वेदनेविना संपवणं हे त्याच कामाचा भाग आहे. एवढं मन घट्ट करावं लागतं, हे आधी माहीत असलेलं बरं.

त्याआधी त्या कोकराचं पाहू, कारण ते कोल्ह्यानं मारलं याची खात्री तुम्हाला अजून नाही. पहिल्या दोन दिवसांत मरणारी बहुतेक कोकरं थंडीनं, दूध न मिळाल्यानं किंवा अवघडलेल्या बाळंतपणानं मरतात आणि कोल्हा सकाळी येऊन आयतं खातो. पुढच्या वेळी हातमोजे घालून मानेवरची कातडी सोलून आत बघा. जिवंतपणी चावा बसला असेल तर दातांच्या खुणांभोवती रक्त साकळलेलं दिसतं. मेल्यावर खाल्लं असेल तर भोकं असतात, साकळलेलं रक्त नसतं. आपल्याला जमत नसेल तर जनावरांच्या डॉक्टरला दाखवा. तो खर्च सार्थकी लागतो, कारण थंडी किंवा दूध हे कारण निघालं तर कितीही कोल्हे मारून कोकरं वाचणार नाहीत. आणखी एक, जार आणि मेलेली कोकरं रानात पडू देऊ नका, वासानं पंचक्रोशीतले कोल्हे येतात. इंग्लंडमध्ये ती पुरायलाही बंदी आहे, परवानाधारक माणसाला बोलावून उचलून न्यावी लागतात. घरात कुणी गरोदर असेल तर तिनं व्यालेल्या मेंढ्या आणि जार यांच्या जवळही जाऊ नये. त्यातून होणारे संसर्ग पोटातल्या बाळाला घातक असतात.

कोंबड्यांचं तर सरळ आहे. बंद जागेत फडफडणाऱ्या पन्नास कोंबड्या समोर आल्या की कोल्हा खाण्यापुरतं मारून थांबत नाही. त्याच्या अंगी तसं थांबणं नाही, त्यात क्रौर्य शोधू नका. उजेड कमी झाला की आपोआप बंद होणारं दार बसवा, म्हणजे विसरायचा प्रश्नच मिटतो. भोवती विजेची जाळी लावा आणि तिच्या खालचं गवत कापत राहा, गवत तारेला टेकलं की करंट उतरतो. पक्कं कुंपण करणार असाल तर उंची सहा फूट, वरचा फूटभर भाग बाहेर झुकलेला आणि खाली फूटभर जाळी जमिनीवर बाहेरच्या बाजूला पसरून पुरलेली. कोल्हा कुंपणाच्या पायाशीच उकरतो, चार पावलं मागे जाऊन उकरायचं त्याला सुचत नाही. मेंढ्या व्यायला आल्या की घराजवळच्या वाड्यात आणा आणि कोकरं दोन दिवसांची झाल्याशिवाय बाहेर सोडू नका. मारलेल्या कोल्ह्याची रिकामी हद्द काही आठवड्यांत दुसरा धरतो, त्यामुळे कुंपणाचं काम बंदुकीनं कधीच टळत नाही.

हे सगळं करूनही एखादा विशिष्ट कोल्हा दिवसाढवळ्या येऊन जिवंत कोकरं उचलत असेल तर तो मारावा, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण मोकळ्या कुरणावर तो तुमच्या पंचवीस यार्डांत क्वचितच येईल. तिथे शॉटगनपेक्षा .२२३ सारखी रायफल कितीतरी दयाळू ठरते. दुर्बीण बसवलेली, शंभर यार्डांवर एकच गोळी, छातीत. तिला फायरआर्म सर्टिफिकेट लागतं आणि ते मिळवण्यापेक्षा आसपासचा एखादा अनुभवी रायफलधारी शोधणं सोपं. हेरफर्डशायरच्या मेंढपट्ट्यात असे लोक आहेत. शेजाऱ्याला विचारा, काडतुसांपेक्षा हा पत्ता त्याच्याकडून मिळाला तर जास्त उपयोगी. तुमची शॉटगन खुराड्याजवळच्या जागेपुरती ठेवा.

भावाला मात्र यातलं काहीही सांगू नका. आपल्याकडचा कोल्हा आणि त्याहून लहान खोकड हे दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहेत. पीकरक्षणासाठी मिळालेला बंदुकीचा परवाना खिशात असला तरी त्यांना मारणं गुन्हाच ठरतो. इंग्लंडमधला तांबडा कोल्हा वेगळा, तिथला कायदा वेगळा. शिवाय मक्याची नासाडी कोल्ह्याचीच आहे का, हेही त्याला बघायला सांगा. कोल्हा कणसं खातो, पण पट्टेच्या पट्टे आडवे झाले असतील तर ते बहुधा रानडुकरांचं काम आहे, बांधालगतच्या ओल्या मातीत त्यांच्या दुभंगलेल्या खुरांचे ठसे मिळतील. डुकरांसाठी म्हणून लोक कुंपणाला थेट घरातली लाईट जोडतात, ते त्यानं कदापि करू नये. त्यात माणसं मरतात, आणि पहाटे पाणी द्यायला गेलेला घरचाच माणूस मरतो. रानडुक्कर, हरीण, गवा यांनी केलेल्या पीकनुकसानीची भरपाई महाराष्ट्रात वनखातं देतं. नुकसान दिसलं की त्याच दिवशी ठशांसकट फोटो काढायचे, वनरक्षकाला कळवायचं, सातबारा जोडून अर्ज द्यायचा आणि पंचनामा होईपर्यंत ते वावर नांगरायचं नाही.